ॲरिझोना ट्रेल पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी: आधी पाणी, मग बाकी सगळं

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला ॲरिझोनात आल्यावर पहिली मोडावी लागते ती एक सवय, वाटेत वाडी लागली की पहिल्या घरापाशी थांबून "मावशी, जरा पाणी मिळेल का" असं विचारायची. इथे वाडी नाही. पंधरा-वीस मैल चाललात तरी माणूस दिसत नाही, आणि दिसलाच तर तोही तुमच्यासारखाच पाणी मोजत चाललेला असतो. मी पुण्याची, गेली अकरा वर्षं फिनिक्सजवळ चँडलरला राहते, आणि ॲरिझोना ट्रेल मी तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने पूर्ण केला, काही नवऱ्याबरोबर, काही मैत्रिणीबरोबर, थोडा एकटीने. इकडच्या मराठी मंडळींकडून आणि भारतातून येणाऱ्यांकडूनही तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. अंतरं मैलांत देते कारण पाट्या, ॲप, नकाशे सगळं मैलांतच आहे, एक मैल म्हणजे १.६ किमी.

१. आधी ट्रेल काय आहे ते समजून घ्या

ॲरिझोना ट्रेल म्हणजे मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत राज्य दक्षिणोत्तर कापत जाणारी सुमारे ८०० मैलांची, म्हणजे जवळपास १,२८७ किमीची पायवाट. फ्लॅगस्टाफचे शाळामास्तर डेल श्यूवॉल्टर १९८५ मध्ये राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि अशी सलग वाट व्हायला हवी म्हणून पुढे गावोगावी बोलत राहिले, तिथून हे सगळं सुरू झालं. १९९४ मध्ये ॲरिझोना ट्रेल असोसिएशन उभी राहिली, २००९ मध्ये ट्रेलला नॅशनल सीनिक ट्रेलचा दर्जा मिळाला आणि २०११ च्या शेवटी शेवटचा तुकडा जोडला गेला. आज ट्रेलचे ४३ भाग आहेत, त्यांना पॅसेज म्हणतात, आणि प्लॅनिंग पॅसेजच्या हिशोबानेच करायचं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, तसलं इथे जवळजवळ काही नाही. दक्षिणेत सपाट रुक्ष प्रदेशातून एकेक उंच डोंगर बेटासारखा वर आलेला आहे, त्यांना स्काय आयलंड म्हणतात, वाचुका, सांता रिटा, रिंकॉन, सांता कॅटलिना. पायथ्याशी सग्वारो निवडुंग, वर चढत गेलं की ओक, आणखी वर पाइन, अगदी माथ्यावर फरची झाडं आणि मार्चमध्ये बर्फ. मग परत खाली वाळवंटात. असं चार-पाच वेळा होतं. मधे गिला नदी, मग सुपरस्टिशन आणि मॅझाट्झालचे खडबडीत डोंगर, मग मोगोयॉन रिम चढून गेलात की एकदम पठार आणि पाइनचं जंगल, फ्लॅगस्टाफ, सॅन फ्रान्सिस्को पीक्स, ग्रँड कॅन्यन, कायबाब पठार. होपी आणि नवाहो लोकांसाठी सॅन फ्रान्सिस्को पीक्स पवित्र आहेत, तिथून जाताना तेवढं भान असू द्या.

२. सगळा एकदम चालायचा की तुकड्यांत, हे ठरवा

एकदम चालणाऱ्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढी रजा कुठली, त्यामुळे मी तुकड्यांतच करा म्हणेन, आणि त्यात कमीपणा बिलकुल नाही, उलट प्रत्येक तुकडा त्याच्या चांगल्या दिवसांत चालता येतो.

तुकड्यांची खरी अडचण गाडीची. एका टोकाला उतरता, दुसऱ्या टोकाला निघता. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर किंवा घरचं कुणीतरी सोडायला-न्यायला पाहिजे. बरेच ट्रेलहेड, म्हणजे वाट सुरू होते त्या जागा, कच्च्या रस्त्यावर आहेत, साधी सेडान सगळीकडे जात नाही, हे निघायच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही, आठवडाभर आधी बघा.

पहिल्या वेळेला मोठं काही घेऊ नका. सुपिरियर गावाजवळचा पिकेटपोस्ट ट्रेलहेड फिनिक्सहून साधारण तासाभरावर आहे, तिथून दक्षिणेला अलामो कॅन्यनकडे सकाळी पाच मैल जा, पाच मैल परत या. नोव्हेंबर ते मार्च. याने तुमचा वेग कळेल, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तासाला पाणी किती पिता ते कळेल, तो आकडा लिहून ठेवा, पुढे सगळा हिशोब त्याच्यावर आहे. मग दोन रात्रींसाठी केल्विनच्या पुलापासून पिकेटपोस्टपर्यंत, पॅसेज १६ आणि १७ मिळून सुमारे ३८ मैल. माझ्या मते अख्ख्या ट्रेलवरचा सगळ्यात देखणा वाळवंटी भाग हाच.

३. दिवस निवडा

दक्षिणेकडून उत्तरेला जायचं तर मार्चच्या सुरुवातीला किंवा मध्याला निघायचं. उत्तरेकडून दक्षिणेला यायचं तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

लोक दोन बाजूंनी चुकतात. लवकर निघालं की पहिल्याच दिवशी मिलर पीकच्या बाजूने ९,००० फुटांच्या वर चढताना बर्फ आणि निसरडं. उशिरा निघालं की गिला नदीच्या आसपास, जिथे उंची जेमतेम १,७००-१,८०० फूट आहे, तिथे मे महिन्याची भट्टी. ऊन म्हणजे काय ते माहितीये असं विदर्भातल्या माणसालासुद्धा वाटेल, पण २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर गेलं होतं, आणि ट्रेलवर सावली म्हणजे एखाद्या सग्वारोची हातभर पट्टी.

इथे मॉन्सूनही आहे बरं का, हाच शब्द वापरतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. पण आपल्यासारखा आठ-आठ दिवस रिपरिप नाही, दुपारी एकदम ढग, विजा, आणि कोरड्या ओढ्याला दहा मैलांवरच्या पावसाचा लोंढा. अशा कोरड्या ओढ्याला इथे वॉश म्हणतात. वॉशमध्ये कधीच तंबू लावू नका, आकाश निरभ्र असलं तरी नाही.

४. कागदपत्रं आणि परमिट

ट्रेलसाठी म्हणून एकच एक परमिट नाही, पण हे जमवावं लागतं:

- ओळखपत्र आणि इमिग्रेशनचे कागद. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड, व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रिंट, सगळं झिपलॉकमध्ये. सुरुवातच सीमेवर आहे, त्या भागात बॉर्डर पेट्रोल फिरत असतं आणि उत्तरेकडे येणाऱ्या रस्त्यांवर त्यांची तपासणी नाकी आहेत. नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाने हे कागद जवळ बाळगावेत असा कायदाच आहे. "घरी आहेत, फोनमध्ये फोटो आहे" असं नको.
- सग्वारो नॅशनल पार्कमध्ये रात्र काढायची असेल तर कॅम्पिंग परमिट. ट्रेल रिंकॉन डोंगरातून जातो तिथे ठरलेल्या जागीच राहता येतं, ग्रास शॅक किंवा मॅनिंग कॅम्प. जागा मोजक्या आहेत.
- ग्रँड कॅन्यनमध्ये खाली रात्र काढायची असेल तर बॅककंट्री परमिट. याची तयारी चार-पाच महिने आधी सुरू करा, पुढे वेगळं लिहिलंय.
- पार्कचं प्रवेश शुल्क किंवा वार्षिक पास. शुल्काचे नियम बदलत असतात, त्या वर्षीचे बघून घ्या.
- भारतातून येत असाल तर बाहेर ट्रेकिंग करताना होणारी दुखापत आणि हेलिकॉप्टर धरणारा विमा. पॉलिसीत ट्रेकिंग आणि उंचीबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः वाचा.

सीमेवरची दक्षिण टोकाची खूण कोरोनाडो नॅशनल मेमोरियलमध्ये आहे. माँटेझुमा पासला गाडीने जायचं, तिथून दोनेक मैल खाली उतरून सीमास्तंभ १०२ ला हात लावायचा आणि तीच वाट परत चढायची. मेमोरियलच्या हद्दीत कॅम्पिंगला परवानगी नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी उशिरा पोचून तिथेच झोपू असं धरून चालू नका. सीमेवर भिंतीचं काम निघालं की वाट बंदही असते, चौकशी करून जा.

५. पाण्याचा तक्ता करा

हा भाग घाईत वाचू नका.

ट्रेलचा नकाशा घेऊन बसलात की मुक्काम कुठे, गाव कुठे हे आधी बघावंसं वाटतं. तसं करू नका. आधी फक्त पाण्याच्या जागा एका खाली एक लिहा, दोन जागांमधलं अंतर लिहा, आणि मग त्यात मुक्काम बसवा. फारआउट नावाचं ॲप आहे, त्यात प्रत्येक पाण्याच्या जागेखाली चालणारे लोक शेरे टाकत जातात, अमुक तारखेला पाणी होतं, हिरवं होतं, आटलं होतं. ते ऑफलाइन उतरवून घ्या.

नकाशावर ठिकठिकाणी टँक लिहिलेलं असतं. आपल्या डोक्यात टँक म्हणजे गच्चीवरची काळी टाकी, पण इथे टँक म्हणजे गुरांसाठी मातीचा बांध घालून अडवलेलं डबकं, किंवा कधी पत्र्याचा हौद. खरं तर आपल्या गडांवरच्या टाक्याच्या हे जास्त जवळचं आहे, आणि काही कोशांत इंग्रजीतल्या टँकचं मूळच गुजराती-मराठी टांकं दिलेलं आहे, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्याशिवाय स्प्रिंग म्हणजे झरा, पण तो थेंबथेंबही असू शकतो, एक लिटर भरायला वीस मिनिटं. ट्रफ म्हणजे गुरांचं कुंड. काही कोरड्या तुकड्यांत असोसिएशनने पावसाचं पाणी साठवायची सोय केलीय. आणि कॅश, म्हणजे रस्ता ओलांडतो तिथल्या लोखंडी पेटीत चालणाऱ्यांनी ठेवलेले पाण्याचे कॅन.

आता माझं झालं ते सांगते. ओरॅकल गाव सोडून टॉर्टिला डोंगरांकडे जाताना, एप्रिलचा दुसरा आठवडा, पुढच्या टँकला पाणी आहे असा शेरा होता, मी तारीख बघितलीच नाही, तो तीन आठवडे जुना होता. पोचलो तर तळाची माती फुटून पापड झालेली. दोघांत मिळून सव्वा लिटर पाणी, दुपारचा दीड, पुढे फ्रीमन रोडच्या पेटीपर्यंत सात-आठ मैल. मी लगेच चालायला निघाले होते, नवऱ्याने हात धरून बसवलं, एका झुडपाखाली साडेपाचपर्यंत नुसते पडून राहिलो, घोटघोट प्यायलो, आणि ऊन उतरल्यावर निघालो. पेटीपाशी रात्री साडेनऊला पोचलो. आत चार कॅन होते, तिघांवर नावं आणि तारखा, एकावर काहीच नाही. त्या एकातलं दोन लिटर घेतलं. कुणी ठेवलं होतं माहीत नाही, पण त्या माणसाची आठवण माझ्या मनातून कधी जायची नाही.

त्यानंतर आम्ही जे नियम केले ते असे:

शेरा दहा दिवसांपेक्षा जुना असेल तर ती जागा कोरडी धरायची आणि तिच्या पुढच्या जागेपर्यंतचं पाणी उचलायचं. दोन जागा लागोपाठ संशयाच्या असतील तर तो तुकडा चालायच्या आधी गाडीने जाऊन स्वतःचे कॅन ठेवून यायचे. कॅनवर नाव आणि न्यायची तारीख मार्करने लिहायची आणि रिकामे कॅन परत आणायचे, तिथे टाकून यायचे नाहीत. नाव लिहिलेलं दुसऱ्याचं पाणी घ्यायचं नाही, जीवावरची वेळ असेल तरच. आणि पेटीत पाणी असेलच असं कधीही गृहीत धरायचं नाही.

किती उचलायचं? थंड दिवसात मला चार-पाच मैलांना एक लिटर पुरतं, उन्हात तीन मैलांना एक. वर रात्रीच्या जेवणाला आणि सकाळपर्यंत दोन लिटर. कोरड्या तुकड्यांत मी सहा लिटर घेऊन निघते, म्हणजे पाठीवर सरळ सहा किलो. यातले दोन किलो कमी करावेत असं प्रत्येक चढावर वाटतं. करू नका.

पाणी स्वच्छ करणं. टँकचं पाणी गढूळ असतं, कधी त्यात गाय उभी असते. पोकळ तंतूंचा फिल्टर, सॉयर किंवा तसला, लागतोच, पण नुसत्या गाळाने तो दोन दिवसांत तुंबतो. इथे आपली तुरटी कामाला येते. चिमूटभर पूड लिटरभर पाण्यात ढवळा, अर्धा तास ठेवा, गाळ तळाशी बसतो, वरचं निवळलेलं पाणी रुमालातून गाळा आणि मग फिल्टरमधून काढा. घरच्या डब्यातली किंवा दाढीनंतरची जी काय असेल ती, चॅंडलरच्या भारतीय दुकानातही मिळते. माझ्याबरोबरच्या दोन अमेरिकन मुलींनी माझ्याकडून पुडी मागून घेतली होती.

फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला की आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी येत राहतं पण गाळलेलं नसतं. वाळवंटात काय गोठणार असं म्हणू नका, मार्च-एप्रिलमध्ये वरच्या डोंगरांत बाटलीत बर्फ होतं.

आणखी एक, हे आपल्याकडच्यांना हमखास माहीत नसतं. आपण टाक्याजवळ तंबू ठोकतो, सोयीचं म्हणून. ॲरिझोनात जनावरांना आणि गुरांना जवळपास दुसरं पाणी नसेल अशा पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, म्हणजे चारशे मीटरच्या आत मुक्काम करणं कायद्याने गुन्हा आहे, कारण माणूस असला की हरणं पाण्यावर येत नाहीत. पाणी भरा आणि पुढे निघा.

६. सामान

नेहमीचं तंबू-बॅग-स्टोव्ह तुम्हाला माहीत असणार, इथे वेगळं काय लागतं तेवढंच सांगते. सैल, पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट, रुंद कडांची टोपी, चंदेरी छत्री (खरंच घ्या, सावली सोबत घेऊन चालता येतं), सहा लिटर मावतील एवढ्या बाटल्या आणि पिशव्या. उणे पाच-सहा अंशांपर्यंत चालेल अशी स्लीपिंग बॅग. साधी प्लास्टिकची फणी आणि चिमटा, कशाला ते पुढे. बूट जड नकोत, जाळीचे ट्रेल रनर बरे, एक साइझ मोठे, कारण उन्हात पाय सुजतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, गार्मिन इनरीच किंवा तसलं, कारण लांबलांब रेंज नसते. पॉवर बँक.

७. खाणं आणि पार्सल

पेटागोनिया, समरहेवन, ओरॅकल, सुपिरियर, पाइन, फ्लॅगस्टाफ, टुसायान, अशी गावं वाटेवर किंवा वाटेजवळ लागतात, तीन ते सहा दिवसांच्या अंतराने. छोट्या गावांतल्या दुकानात शाकाहारी माणसाचे हाल होतात, त्यामुळे घरून पार्सल पाठवा. पोस्टात जनरल डिलिव्हरी म्हणून सोय असते, खोक्यावर तुमचं नाव, जनरल डिलिव्हरी, गाव, राज्य, पिनकोड आणि येण्याची अंदाजे तारीख लिहायची, फोटो ओळखपत्र दाखवून घ्यायचं. छोट्या पोस्टांच्या वेळा आधी बघा, शनिवारी दुपारी पोचून सोमवारपर्यंत ताटकळलेले लोक मी बघितलेत.

आपलं खाणं या ट्रेलला फार छान चालतं. पातळ पोहे गार पाण्यातसुद्धा भिजतात, त्यात दाण्याचं कूट, मीठ, साखर, वाळवलेला कांदा, झालं, गॅस लावायलाच नको. सातूचं पीठ आणि गूळ. इन्स्टंट भात, मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली, दिवसभर पंधरा मैल चालून आल्यावर याच्यासारखं सुख नाही. शेंगदाण्याची चिक्की उन्हात वितळत नाही, चॉकलेट वितळतं. ओआरएस भरपूर, आणि आगळ नव्हे तर कोकमाची पूड, मीठ घालून.

आगीचे निर्बंध लागलेले असतात तेव्हा लाकडाची शेकोटी बंद असते आणि स्पिरिटचा स्टोव्हही चालत नाही, बंद करायचा व्हॉल्व्ह असलेला गॅसचा स्टोव्ह बहुतेक वेळा चालतो. तुमच्या पॅसेजचा नियम बघून घ्या. हे नियम लोकांना जाचक वाटतात, पण २०२० मध्ये सांता कॅटलिनात बिगहॉर्न आग लागली ती सव्वा लाख एकरांच्या जवळपास पसरली, त्या जळक्या खोडांमधून मैलोन्‌मैल चाललात की पुन्हा काडी ओढावीशी वाटत नाही.

८. चालायची रीत

पहाटे साडेचारला उठायचं, पाचला चालायला लागायचं, अकराच्या आत दिवसाचं दोनतृतीयांश अंतर मारायचं. बारा ते चार सावली शोधून पडायचं. चार-साडेचारला पुन्हा निघायचं.

कोकणात, सह्याद्रीत आपल्याला घाम दिसतो, शर्ट पिळून निघतो म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथे हवा इतकी कोरडी की घाम आल्याबरोबर उडून जातो, शर्ट कोरडा, फक्त त्यावर मिठाचे पांढरे नकाशे. आपण घामेजलोच नाही असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. लघवी गडद पिवळी झाली की थांबा. पण याच्या उलटही होतं, नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं, खाल्लं नाही, मीठ घेतलं नाही, तर रक्तातलं सोडियम घटतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, आणखी पाणी पाजा. प्रत्येक तासाला काहीतरी खारट खा.

मॅझाट्झाल डोंगरांत रोजचं अंतर निम्मं धरा. जुन्या आगींनंतर तिथे झुडपं माजलीत, कॅटक्लॉ नावाच्या काटेरी झाडाचे काटे बोरीसारखे उलटे असतात, शर्ट धरून ठेवतात, आणि वाट दगडांची.

९. काटे, साप, गुरं

चोया नावाचा निवडुंग, दिसायला मऊ लव असल्यासारखा, नुसता स्पर्श झाला की त्याचा गोळा तुटून अंगाला चिकटतो. हाताने ओढू नका, हातालाही चिकटेल. फणीचे दात काटे आणि कातडीच्या मधे घालून एका झटक्यात उडवा, राहिलेले चिमट्याने काढा. फणी यासाठी.

रॅटलस्नेक बहुतेक वेळा वाजून सांगतो. आवाज आला की जागच्या जागी थांबा, कुठे आहे ते बघा, मग लांबून वळसा. कानात इअरफोन नकोत. चावलाच तर चिरा मारणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका, हालचाल कमी करा आणि मदत मागवा. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

वाटेत गुरांसाठीची भरपूर फाटकं लागतात. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, बंद होतं तर बंद.

१०. ग्रँड कॅन्यन

गडावर आपण आधी चढतो, दमलो की उतरायला लागतो. इथे उलट आहे, ताजेतवाने असताना उतरायचं आणि पाय गेल्यावर चढायचं. साऊथ कायबाब वाटेने सुमारे सात मैलांत ४,७०० फुटांच्या वर उतार आहे आणि त्या वाटेवर पाणी अजिबात नाही. खाली नदीवर ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड आणि फँटम रँच, या राहायच्या जागा. तिथून नॉर्थ कायबाब वाटेने सुमारे १४ मैल चढ, ८,२०० फुटांच्या वरच्या कड्यापर्यंत. म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत एकवीस मैल.

एका दिवसात पार केलं तर बॅककंट्री परमिट लागत नाही, म्हणून पुष्कळ लोक तसं करतात. पहिल्यांदा येणाऱ्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली एक रात्र काढा, जमलं तर दुसरी कॉटनवूड कॅम्पला. परमिटची लॉटरी ऑनलाइन असते, जायच्या महिन्याच्या चारेक महिने आधी. नंबर नाही लागला तर बॅककंट्री ऑफिसात जाऊन रांगेत उभं राहून विचारायचं, रद्द झालेल्या जागा मिळतात. आम्हाला दुसऱ्या सकाळी मिळाली होती.

खाली नदीवरचा काळा झुलता पूल १९२८ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या मुख्य केबल हवासुपाई लोकांनी रांगेत खांद्यावर घेऊन या वाटेने खाली नेल्या होत्या. पाठीवर बारा किलो घेऊन उतरताना मला ते सारखं आठवत होतं.

इथल्या नळांना पाणी रोअरिंग स्प्रिंग्जच्या झऱ्यातून जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती पाइपलाइन वारंवार फुटते, त्यामुळे फिल्टर इथेही सोबत पाहिजे. आणि जुलै २०२५ मध्ये ड्रॅगन ब्रावो आगीत नॉर्थ रिमवरचा, म्हणजे कॅन्यनच्या उत्तर काठावरचा, ग्रँड कॅन्यन लॉज आणि बऱ्याच इमारती जळाल्या. नॉर्थ रिमच्या आणि नॉर्थ कायबाब वाटेच्या सध्याच्या स्थितीची चौकशी परमिट मागायच्या आधीच करा, जुन्या माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा. वाट बंद असेल तर असोसिएशन पर्यायी मार्ग जाहीर करतं.

११. शेवटचे मैल आणि परतीची गाडी

कायबाब पठार म्हणजे पाइन, ॲस्पेन आणि मोकळी गवताळ कुरणं, चाल सोपी, रात्री मात्र कडाक्याच्या. मग शेवटच्या दिवशी वाट झाडांतून बाहेर पडते आणि समोर युटाचे तांबडे-पांढरे खडक दिसतात, तिथे मी बराच वेळ बसून होते.

ट्रेल स्टेटलाइन कॅम्पग्राउंडला संपतो. तिथून डांबरी रस्ता, हायवे ८९, अंदाजे दहा मैलांवर, मधला हाउस रॉक व्हॅली रोड मातीचा. कोरडा असला तर चालतो, पाऊस पडला की चिकणमाती होते आणि फोर बाय फोरसुद्धा रुतते, त्यामुळे न्यायला येणाऱ्याला हवामान बघूनच निघायला सांगा आणि भेटीचा एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. त्या भागात फोन लागेल असं धरू नका, वेळ आधीच ठरवा. आणि गाडीत पाण्याचे दोन कॅन ठेवायला आवर्जून सांगा, कॅम्पग्राउंडवर पाण्याची सोय नाही.